वसंत लागला म्हणतात, तो बघायचा कुठे?

पूर्वेची_खिडकी | ८ मार्च, रात्री ९:५०

गेल्या पावसाळ्यात माझी बदली झाली आणि मी व माझी आठ वर्षांची मुलगी, आम्ही दोघी एका लहान गावात राहायला आलो. खेड्याहून मोठं, पण शहर म्हणावं असंही काही नाही. एक मुख्य रस्ता, त्याला फुटलेल्या सात-आठ गल्ल्या, आणि कुठल्याही गल्लीच्या टोकाला गेलं की शेत. माझा जन्म सगळा शहरात गेला. तिथे पाऊस कळायचा, उकाडा कळायचा, थंडी असली तर आठवडाभर कळायची. वसंत मी फक्त शाळेच्या पुस्तकात वाचला.

इथे आल्यावर पावसाळा नीट कळला, थंडीही कळली. आता मात्र मी अडले आहे. शेजारच्या आजी परवा ओट्यावर बसल्या होत्या. समोरच्या पिंपळाकडे बघत म्हणाल्या, "वसंत लागला बघ." मी पण वर बघितलं. पानं गळत होती. रस्त्यावर धूळ होती, ऊन चढलं होतं. त्यांना जे दिसलं ते मला दिसेना. विचारावं म्हणून वळले तर त्या आत गेल्या होत्या.

तर माझा प्रश्न असा आहे की तुम्ही वसंत कशावरून ओळखता? कुठे लांब जाऊन बघायचं काही नको. सकाळची दहा मिनिटं आणि संध्याकाळचा अर्धा तास, एवढाच वेळ हाताशी असतो. घरातून, ओट्यावरून, फार तर शेताच्या बांधापर्यंत चालत जाऊन बघता येईल, ऐकता येईल, वास घेता येईल असं काय असतं या दिवसांत? मुलगी रोज शाळेतून आली की विचारते, "आज काय बघायचं?" तिला उत्तर देता यावं असं फार वाटतं.

आमच्या घराला एक मोठी पूर्वेची खिडकी आहे. खिडकीसमोर विजेचा खांब, त्याच्यापलीकडे तो पिंपळ, आणि अगदी लांब गावाची पाण्याची टाकी. आमचं भांडवल एवढंच.

---

भूगोलाचा_तास | ९ मार्च, सकाळी ६:५५

पूर्वेची खिडकी आणि लांबवर पाण्याची टाकी असेल तर तुमच्या घरात वेधशाळाच आहे. खिडकीशी फरशीवर खडूने दोन पावलांची खूण करा. रोज उजाडताना मुलीला त्याच खुणेवर उभं करा आणि टाकीच्या कोणत्या बाजूला, किती अंतरावर सूर्य उगवला ते एका कागदावर काढून घ्या. टक लावून बघू देऊ नका, खूण करायला एक नजर पुरते.

२० किंवा २१ मार्चला सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो आणि दिवस-रात्र जवळपास सारखे होतात. आत्ता तो पूर्वेच्या थोडा उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे आहे. या दिवसांत उगवायची जागा रोज डावीकडे सरकते, तीही जवळजवळ सूर्याच्या स्वतःच्या रुंदीएवढी. डिसेंबरात आणि जूनमध्ये तो आठवडाभर एकाच जागी उगवतोय असं वाटतं. मार्चमध्ये मात्र त्याची लगबग नुसत्या डोळ्यांनी दिसते. हात पुढे ताठ धरून मूठ वळली की मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. एप्रिल संपेपर्यंत सूर्य दोन मुठी डावीकडे गेलेला असेल.

झाडं आणि पक्षी एखाद्या वर्षी मागेपुढे करतात, सूर्य तसं करत नाही. म्हणून मी वसंत इथून मोजतो.

---

खांबावरून | ९ मार्च, रात्री १०:२०

ताई, तुमच्या शेजारच्या आजींनी पिंपळाची गळणारी पानं बघितलीच नसतील. त्यांची नजर फांद्यांच्या टोकांवर असणार.

मी वायरमन आहे. २६ वर्षं झाली या कामाला. खालून चालणाऱ्या माणसाला झाडाचं पोट दिसतं, आम्हाला खांबावर चढल्यावर शेंडा दिसतो. त्यामुळे ऋतू बदलला की आम्हाला थोडा आधी कळतो. उद्या सकाळी पिंपळाच्या फांदीचं अगदी टोक बघा. पान गळून गेलेल्या जागी बोटाच्या पेराएवढा टोकदार, मिटलेला कोंब असेल. तो उलगडला की आतून पान येतं ते हिरवं नसतं. तांबूस, गुलाबीसर असतं, आणि ओल्या फडक्यासारखं खाली लोंबतं. मग दिवसागणिक पोपटी होतं, ताठ होतं. हा तांबूसपणा फार थोडे दिवस टिकतो. तुमचा पिंपळ पूर्वेला आहे म्हणजे सकाळचा सूर्य पानांच्या मागे येणार. साडेसातच्या सुमारास बघा. प्रत्येक पानात दिवा लावल्यासारखं दिसतं. मी हे शेकडो वेळा बघितलंय आणि अजून हातातली पकड तशीच धरून थांबतो.

एका कॉलेजच्या मास्तरांच्या घरी मीटरचं काम होतं, त्यांना मी पानांच्या या रंगाबद्दल विचारलं. ते म्हणाले, कोवळ्या पानात हरितद्रव्य भरायच्या आधी अँथोसायनिन नावाचं लाल रंगद्रव्य असतं, कोवळ्या पानाला कडक उन्हापासून त्याचा आडोसा होतो. मग मी त्यांना जी गोष्ट मला वर्षानुवर्षं छळत होती ती विचारली. पाऊस तीन महिने लांब, जमीन भेगाळलेली, विहिरी खाली गेलेल्या, आणि झाड नेमकी आत्ताच नवी पानं का काढतं? पाऊस पडल्यावर काढावीत की. ते म्हणाले, अभ्यास करणाऱ्यांनाही हे कोडंच वाटलं होतं. खोल गेलेली मुळं आणि खोडात साठवलेलं पाणी यांच्यावर झाड हे दिवस काढतं, आणि दिवस मोठा होऊ लागला ही खूण धरून पालवी फोडतं असं मानतात. म्हणजे वर भूगोलाच्या मास्तरांनी तुम्हाला जो सरकणारा सूर्य दाखवलाय, त्याच्याकडेच तुमचा पिंपळही बघतोय. पाऊस येईल तेव्हा पानं तयार असतात.

आता खांबाचं सांगतो, कारण तुमच्या खिडकीसमोर आहे म्हणालात.

पहाटे खांबाच्या टोकावर एक पक्षी येऊन बसेल. काळा-पांढरा, शेपटी वर उचललेली. दयाळ. थंडीत तो होताच, पण गप्प होता. आता गायला लागेल, उजाडायच्या आधीपासून. त्याला उंच, मोकळी जागा लागते आणि लहान गावात खांबाहून मोकळं उंच दुसरं काय असणार? पहाटे वारा नसतो, माणसांचा आवाज नसतो, त्यामुळे गाणं लांब जातं. आपली हद्द सांगायची आणि मादीला बोलवायचं, दोन्ही कामं त्यात होतात. एका खांबावरचा दयाळ थांबला की पुढच्या आळीतला सुरू करतो. पाच मिनिटं अंथरुणातच डोळे मिटून ऐका. किती दयाळ आहेत ते मोजता येतं.

दुपारी ऐकायचं ते वेगळं. आम्ही दुरुस्तीसाठी शटडाऊन घेतो तेव्हा गावातले पंखे, मोटारी, पिठाची गिरणी, टीव्ही सगळं एकदम बंद होतं. त्या पहिल्या मिनिटात जे ऐकू येतं त्यासाठी मला माझं काम आवडतं. टुक, टुक, टुक, टुक. तांबट पक्षी. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा एकसारखा ठोका, भर उन्हात. चोच मिटलेलीच असते, गळा फुगतो आणि आवाज येतो. आवाज करताना तो मान इकडे-तिकडे वळवतो, म्हणून डावीकडे आहे म्हणून बघावं तर उजवीकडून आल्यासारखा वाटतो. मुलीला शोधायला लावा. चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळ आणि छाती लाल. सुकलेली फांदी असेल तर तिच्या खालच्या बाजूला गोल भोक दिसतं का बघा, ते त्याचं घर. माणसं सुकलेली फांदी म्हणजे कचरा समजून तोडतात. धोक्याची नसेल तर मी तोडू देत नाही.

आणि कोकीळ. सगळे म्हणतात कोकिळा गाते. गातो तो नर, काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके आणि पट्टे, ती फक्त किक्-किक्-किक् असं ओरडते. ते ओरडणं ऐकलं की मी वर बघतो, कारण तिचं लक्ष कावळ्याच्या घरट्यावर असतं. कावळे एप्रिलमध्ये घरटी बांधायला घेतात. खांबावरच्या लोखंडी आडव्या पट्टीला आम्ही आर्म म्हणतो, तिच्यावर त्यांना बेचकं छान मिळतं. काटक्यांबरोबर ते तारेचे तुकडेही आणतात. मी तोडून खाली टाकलेली तार मीच वर घरट्यात विणलेली बघितली आहे. तार दोन फेजना, म्हणजे वीज वाहणाऱ्या दोन तारांना, एकदम लागली तर लाईन जाते, पक्षीही मरतात, म्हणून अशी घरटी काढावी लागतात. ते काम मला कधीच सोपं गेलेलं नाही. पण प्रत्येक घरटं तारेला लागत नाही. जे लागत नाही ते मी पिल्लं उडेपर्यंत ठेवतो. त्यात कोकिळेचं अंडं असेल तर ते कावळ्याच्या अंड्यांच्या आधी उबतं, आणि कावळीण त्या पिल्लाला आपलं समजून भरवते. तिची धावपळ बघितली की मला वाटतं, हिला काही सांगू नये.

तुमच्या खांबावर घरटं झालं तर तुम्ही हात लावू नका, काठीने पाडू नका. तुमच्या भागातल्या वायरमनला हाक मारा.

बांधापर्यंत जाणार असाल तर या आठवड्यातच जा. पळस फुललेला असेल, नाहीतर संपत आला असेल. अंगावर एक पान नसतं आणि सगळं झाड शेंदरी. पळसाला पाने तीनच ही म्हण सगळ्यांना पाठ असते, पण ती तीन पानं बघायची तर फुलं सरल्यावर पुन्हा यावं लागतं. सकाळी त्या झाडाखाली उभं राहा. साळुंक्या, शिंजीर, कोतवाल, खारी, सगळे फुलांतला मध खायला आलेले असतात. फूल मोठं, वाकलेलं आणि जवळजवळ बिनवासाचं. पक्ष्यांना वासाने नाही, रंगाने बोलवायचं असतं.

शेवटचं, आमच्या धंद्यातलं. समोरच्या दोन खांबांमधली तार सकाळी सातला बघा आणि दुपारी तीनला बघा. दुपारी ती थोडी जास्त खाली झुकलेली असेल. धातू तापला की लांबतो. जानेवारीत ती तार ताणलेली असते, मार्चमध्ये सैल व्हायला लागते. मागे टाकीची कड धरून बघितलंत तर फरक कळेल. मला पंचांग बघावं लागत नाही ते यामुळे.

---

वितळता_बर्फ | ११ मार्च, रात्री १:०५

वायरमनदादा, तुमचं उत्तर मी इथे स्वयंपाकघरात उभ्या उभ्या दोनदा वाचलं. मी आठ वर्षांपासून युरोपात, खूप उत्तरेकडच्या एका छोट्या गावात राहते. इथेही एक रस्ता, थोडी घरं आणि मग शेतं. आपल्याकडे वसंतात पानं गळताना बघितलेली, इथे उलट, अजून झाडांवर काहीच नाही. पण कळ्या फुगल्या आहेत. इथल्या पुष्कळ झाडांच्या कळ्यांना आधी ठरावीक थंडी मिळावी लागते, तरच त्या उबेला दाद देतात. डिसेंबरात चार उबदार दिवस आले तरी झाड फसत नाही.

ताई, तुमच्याकडे दिवस रोज साधारण एका मिनिटाने वाढत असेल. माझ्याकडे रोज चार मिनिटांहून जास्त. आठवड्यात अर्धा तास! कामावरून परतताना गेल्या सोमवारी अंधार होता, या सोमवारी समोरच्या बाईंचा चेहरा दिसला. आम्ही दोघी थांबून बोललो. चार महिन्यांत पहिल्यांदा.

इथे संध्याकाळी छपरावर पिवळ्या चोचीचा काळा कस्तूर गातो, तुमच्या दयाळासारखाच घराच्या सगळ्यात उंच टोकावर बसून. आणि मी वाट बघते ती भिंगऱ्यांची. लांब दुभंगलेल्या शेपटीच्या. तुमच्याकडे थंडीत तारांवर ओळीने बसतात त्या आता उत्तरेला निघतील. माझ्या गावात येतात त्या आफ्रिकेतून येतात, म्हणजे पक्षी तेच नव्हेत, पण जात तीच. तुमच्या तारा रिकाम्या झाल्या की मला सांगाल का? मी माझ्या तारांकडे बघत राहीन.

---

पूर्वेची_खिडकी | २२ मार्च, रात्री १०:४०

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आम्ही बघत होतो.

फरशीवर खडूची पावलं आहेत. पुसली जातात म्हणून मुलीने आता रंगाने काढली आहेत, तिची आणि माझी. तिच्या कागदावर टाकी आहे आणि तिच्या उजवीकडून एकेक सूर्य सरकत आलाय. परवा, २० तारखेला, तो टाकीच्या अगदी कडेला टेकून वर आला. ती ओरडली, "शिवला!" शेजारच्या आजी काय झालं म्हणून बघायला आल्या, आणि मग त्याही खिडकीशी उभ्या राहिल्या. मी त्यांना त्या दिवसाबद्दल विचारलं. त्यांनी बोट दाखवलं ते फांदीच्या टोकाकडेच, दादा. "पान पडतंय ते बघू नये, का पडलं ते बघावं," असं म्हणाल्या. खालून रेटा आलाय म्हणून ते पडलं, हे त्यांचं म्हणणं.

तांबूस पानं बघितली, सकाळी साडेसातला. याबद्दल मला अजून नीट लिहिता येत नाही.

तांबट दोन दिवस सापडला नाही, तिसऱ्या दिवशी मुलीला दिसला. पहाटे तीन दयाळ आहेत. तारांवर भिंगऱ्या अजून आहेत, पण मागच्या आठवड्यात एका ओळीत तीसेक होत्या, आज अकरा मोजल्या. युरोपातल्या ताई, तुम्हाला कळवते राहीन.

एक विचारायचं आहे. चार-पाच दिवसांपासून रात्री नऊनंतर अंगणात एक वास येतो. गोडसर, हलका, थोडा मधासारखा. दिवसा शोधला तर नाही. फुलझाड कुणाच्याच दारात दिसत नाही. काय असेल?

---

जुनी_वही | २३ मार्च, सायंकाळी ७:१५

जवळपास कडुनिंब आहे का? असेल तर त्याखाली जमीन बघा. मोहरीपेक्षा थोडी मोठी, चांदणीसारखी पांढरी फुलं सांडलेली असतील. पानं एवढी कडू असलेल्या झाडाच्या फुलांना असा वास असेल हे पहिल्यांदा कुणालाच खरं वाटत नाही. दिवसा तापलेली हवा वर जात असते, वास तिच्याबरोबर उधळून जातो. रात्री आकाश निरभ्र असलं की जमीन लवकर निवते, तिला लागून गार हवेचा थर बसतो आणि वारा पडलेला असतो. मग वास खाली, तुमच्या नाकाच्या उंचीवर राहतो.

त्याच वेळी मान वर करा. लहान गावात दिवे कमी, हे सुख शहरात विकत मिळत नाही. एप्रिलमध्ये रात्री नऊच्या सुमाराला ईशान्येला सप्तर्षी वर आलेले दिसतील. त्यांच्या शेपटीच्या तीन ताऱ्यांचा बाक तसाच पुढे वाढवत नेला की एक नारिंगी, ठसठशीत तारा येतो, तो स्वाती. बाक आणखी पुढे नेला की पांढरी-निळसर चित्रा. चैत्राला चैत्र म्हणतात ते या चित्रेवरून, कारण या महिन्यातला पूर्ण चंद्र तिच्या आसपास असतो. पुढची पौर्णिमा विशाखेजवळ, म्हणून वैशाख. नावं आपण रोज घेतो, पण अंगणात उभं राहून चंद्राशेजारी चित्रा बघितल्यावर ती आकाशातून खाली आलीत हे मला चाळिशीत कळलं. तुमच्या मुलीला आठव्या वर्षी कळेल. स्वातीचा प्रकाश तुमच्यापर्यंत यायला सुमारे ३७ वर्षं लागतात, हेही तिला सांगा. आणि आईचा जन्म कधीचा ते मोजायला लावा.

एक विनंती. मुलीचा कागद सुटा ठेवू नका, वही करा. तारीख, वेळ, काय दिसलं. एवढंच. इंग्लंडमध्ये नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम नावाच्या गृहस्थांनी १७३६ साली अशी टिपणं सुरू केली. पहिलं पान कधी फुटलं, पहिली भिंगरी कधी आली, बेडूक कधी ओरडले. त्यांच्यामागे घराण्यातल्या माणसांनी ती १९५८ पर्यंत चालवली. जपानात क्योतोला चेरी कधी फुलली याच्या नोंदी नवव्या शतकापासून सापडतात, आणि २०२१ साली ती २६ मार्चला पूर्ण बहरली, तोवरच्या बाराशे वर्षांच्या नोंदींतली सगळ्यात लवकरची तारीख. हवामान बदलतंय हे सांगायला आज शास्त्रज्ञ या वह्या उघडतात. लिहिणाऱ्यांनी त्या हौसेने लिहिल्या होत्या. आपल्याकडे सीझनवॉच नावाचा उपक्रम आहे, त्यात एक झाड निवडून दर आठवड्याला त्याची पालवी, फुलं, फळं कळवायची असतात. तुमचा पिंपळ त्यात घालता येईल.

माझी वही एकोणीस वर्षांची आहे. एकाच करंजाची. त्याला कोवळी पालवी आली की मी त्या दिवशी काही दुसरं लिहीत नाही.

---

पूर्वेची_खिडकी | १९ एप्रिल, सायंकाळी ६:३०

कडुनिंबच होता. दोन घरं सोडून, परसात. फुलं सांडलेली सापडली. मुलीने ती ओंजळभर आणून आजींच्या ओट्यावर ठेवली.

आज दुपारी चारला वळीव आला. आधी धुळीचा लोट, मग पत्र्यावर टपोरे थेंब, वीस मिनिटांत संपला. पण पहिले थेंब पडायच्याही आधी वास आला. शेताकडून. मी आयुष्यभर हा वास खिडकीतून डांबरी रस्त्याचा घेतला होता. हा निराळा. मुलगी जमिनीवर पालथी पडून वास घेत होती आणि मी तिला उठ म्हटलं नाही.

तारा ३१ मार्चपासून रिकाम्या आहेत.

---

वितळता_बर्फ | १९ एप्रिल, रात्री ११:४०

माझ्या गोठ्याच्या तुळईखाली काल सकाळी एक आली. एकटी. जुन्या घरट्याच्या कडेवर बसली होती.

---

भूगोलाचा_तास | २० एप्रिल, सकाळी ७:०५

मुलीने पालथं पडून ज्याचा वास घेतला त्यात मोठा वाटा जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. मातीत स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जीवाणू असतात, ते तयार करतात. आपलं नाक बऱ्याच गोष्टींत कच्चं असलं तरी याला फार तीक्ष्ण आहे, अगदी नाममात्र अंशसुद्धा ओळखतं. सुकलेल्या जमिनीवर पाऊस पडल्यावर येणाऱ्या वासाला १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोघांनी 'पेट्रिकोर' असं नाव दिलं. थेंब मातीवर आपटला की त्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि वास घेऊन तुषार उडतात. पाऊस लांब पडत असला तर ते वाऱ्याबरोबर पुढे येतात. म्हणून तुमच्याकडे थेंबाआधी वास पोचला.

सूर्य किती मुठी सरकला ते कळवा.

---

पूर्वेची_खिडकी | २ मे, रात्री ९:३०

दोन मुठी पूर्ण, सर. आता तो टाकीपासून इतका डावीकडे गेलाय की कागद कमी पडला. मुलीने दुसरा कागद चिकटवला. जुनी_वही यांचं ऐकून वहीही केली आहे. पहिल्या पानावर "पिंपळ, खांब, टाकी" असं नाव आहे.

पिंपळ आता गच्च हिरवा आहे. जरा वारा आला की अशी सळसळ होते की रात्री पाऊस आला समजून मी दोनदा कपडे काढायला उठले. दुपारी तार झुकते, हेही बघितलं. टाकीच्या गजाला खूण धरून मुलीने सकाळची आणि तीनची उंची काढली आहे, फरक दोन बोटांचा.

आणि वायरमनदादा, आमच्या खांबावर घरटं झालं. गेल्या महिन्याच्या शेवटी काटक्या यायला लागल्या, त्यात एक चमकणारी तारही होती. मला रात्रभर झोप लागली नाही. दोन दिवसांपासून कावळीण बसून आहे, आणि आज सकाळी ती क्षणभर उठून गेली तेव्हा पिंपळातून किक्-किक्-किक् ऐकू आलं. मुलगी म्हणाली, "ठिपकेवाली." मी बघेपर्यंत काही दिसलं नाही, पण तिने वहीत लिहिलंय, वेळ घालून.

दुपारी आमच्या भागातल्या वायरमनना हाक मारली. त्यांचं पावसाळ्याआधीचं काम सुरूच आहे, गल्लीतले खांब एकेक करून बघतायत. ते शिडी लावून वर गेले, बराच वेळ बघत राहिले. कावळे त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत होते. खाली आले आणि म्हणाले, तार आतल्या बाजूला आहे, फेजपासून हातभर लांब. मग खिशातून कामाची वही काढली, आमच्या खांबाचा नंबर शोधला आणि त्याच्यापुढे पेन्सिलीने लिहिलं, "शेवटी."